ढेरपोट्या आणि पातळ्या

घरोघरी गाणी खोक्यातूनच येत, त्या काळची गोष्ट. निमोणकरांच्या घरी दाराएवढा उंच आणि पापडासारखा पातळ स्पीकर आला. खोका नाहीच, चुंबकांपुढे ताणलेला नुसता पडदा. कोपऱ्यातला जुना ढेरपोट्या स्पीकर म्हणाला, “पोटच नाही, तर आवाज कुठून काढशील, बाळा?” नव्याला धाकधूक वाटली, कारण दोघांतला एकच खाली राहणार होता, दुसरा माळ्यावर जाणार होता.

पारखायला निमोणकरांनी बायकोच्या हाकेची टेप लावली. जुन्यावर ती अशी घुमली की कपाटातल्या बश्या वाजल्या. मग तीच टेप नव्यावर लागली. “अहो, चहा गार होतोय.”

जुना दटावून म्हणाला, “तुझं नंतर रे. आधी वहिनी काय म्हणतायत ते ऐकू दे.”

“दादा,” नवा हळूच म्हणाला, “वहिनी कालच माहेरी गेल्यात.”