लाल दोऱ्याची मिरची

झाडंझुडपं माणसांच्या माघारी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. द्वारकाकाकूंच्या परसात जुन्या वाणाचं मिरचीचं एकच झाड उरलं होतं. काकूंनी त्याच्या सगळ्यांत टपोऱ्या मिरचीला लाल दोरा बांधला. दोऱ्याची मिरची बियाण्याची. ती पिकून वाळेपर्यंत कुणी तोडायची नाही, अशी घरची रीत.

तिच्या बहिणी हिरव्यागार असतानाच खुडल्या गेल्या. ही एकटी मागे राहिली आणि धुसफुसू लागली.

"दम धर, पोरी," झाड म्हणालं. "तू वाळलीस तरच आपला वंश टिकेल."

"वंश तुझा, आणि सुरकुत्या माझ्या?"

तिने शिंपी पाखराला हाक मारली. "घरट्याला दोरा हवाय ना? ने की हा!" पाखराने दोरा ओढून नेला.

सकाळी सूनबाई आली. दोरा दिसला नाही, म्हणून तिने मिरची खुडली. थोड्याच वेळात खलबत्त्याचा आवाज झाडापर्यंत आला.

उन्हं तापली. झाडाला पुन्हा फूल धरलंच नाही. काकूंनी फांदीन् फांदी चाचपली आणि ते वाळकं झाड उपटलं. चुलीकडे जाताना झाडाला पेरूवरचं घरटं दिसलं. लाल दोऱ्याने शिवलेल्या पानांत पिल्लं चिवचिवत होती.