वेशीजवळचा चिखल

फार पूर्वी, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीही ज्याबद्दल नुसतं ऐकलं होतं अशा काळी, एक दगडी नगर होतं. रस्ते फरसबंद, अंगणं फरसबंद, खंदकाचा तळसुद्धा फरसबंद. "आमच्या पायाला चिखल लागत नाही," असं तिथले लोक पाहुण्यांना मुद्दाम सांगत.

चिखल होता तो एकाच जागी, पूर्वेच्या वेशीपाशी, घोंगडीएवढा. एक म्हातारा पखालवाला तो राखायचा. होळी झाली की रोज सकाळी रेड्याच्या पाठीवरून पखालभर पाणी आणून तो तिथल्या मातीत सोडी.

वेशीच्या कमानीत पाकोळ्यांची वस्ती होती. चोचीतून चिखलाचा एकेक गोळा नेऊन त्या घरटी लिंपत. त्या नगरात दुसरी ओली माती होतीच कुठे? पिलं झाली की त्या दिवसभर खंदकावर घिरट्या घालत आणि डास टिपत. पखालवाल्याच्या आजानं हेच काम केलं, बापानंही हेच. नगराकडून त्याला रेड्यापुरता कडबा मिळे, बाकी काही नाही.

एका वर्षी नगरसभेनं आपल्या सभागृहावर सोन्याचा कळस चढवला आणि तिजोरीत खडखडाट झाला. मग सगळ्यांना काटकसर आठवली. खर्चाची यादी वाचता वाचता नगरशेठ थांबले.

"चिखल करण्यासाठी कडबा?" ते म्हणाले. "अहो, लोक चिखल काढायला माणूस ठेवतात, आपण करायला ठेवलाय!"

सभा पोट धरून हसली. पखालवाला हात जोडून उभा होता, तो हसला नाही.

"शेटजी, घरटी अर्धी झालीत. काहींत अंडी आहेत. मृग लागेपर्यंत थांबा, पिलं उडू द्या. मग माझं काय ते करा."

"देवानं पंख दिलेत त्यांना. जातील दुसरीकडे."

"जातील ना, शेटजी. तेच तर भ्या वाटतं."

कडबा बंद झाला. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, असला तो कारभार! रेडा उपाशी मरू नये म्हणून म्हाताऱ्यानं तो शेजारच्या गावी देऊन टाकला. मग तो आणि त्याची बायको कोसभरावरच्या नदीवरून डोक्यावर घागरी आणू लागले. पण दोन घागरींची ओल त्या उन्हात टिकणार किती? दुपारपर्यंत माती पुन्हा खडखडीत. अर्धवट घरटी तडकली, सुटली, आणि चकचकीत फरशीवर अंडी फुटली. लोक ती ओलांडून बाजारात गेले.

एक म्हातारी पाकोळी वेशीवर येऊन बसली.

"बाबा, तुझ्यावर आमचा राग नाही," ती म्हणाली. "पण ओल नाही तिथं आमचं घर नाही."

त्याच दिवशी सगळा थवा निघून गेला. म्हातारा कमानीखाली बसून ढसाढसा रडला.

पावसाळ्यात खंदक भरला आणि डासांचे ढग उठले. घरोघरी हिवताप शिरला. पहिला बळी कोणाचा गेला म्हणता? पखालवाल्याच्या बायकोचा. तिचं खोपट खंदकाला लागून होतं ना! जिनं घागरी वाहिल्या तीच आधी गेली आणि जे हसले त्यांची पाळी मागून आली. शेवटी नगरशेठचा एकुलता एक मुलगा गेला, तेव्हा कुठे सभेला पाकोळ्या आठवल्या.

पुढच्या होळीला गाड्या भरभरून पाणी आलं. वेशीपाशी नुसता राडा झाला. नगरशेठ स्वतः गुडघाभर चिखलात उभे राहून आभाळाकडे बघत होते. बैल गेला आणि झोपा केला! आठवडा झाला, महिना झाला, एकही पाखरू उतरलं नाही.

"का येत नाहीत रे?" त्यांनी पखालवाल्याला विचारलं. आवाज पार खाली आला होता.

"पाकोळी जिथं जन्मते तिथं फिरून येते, शेटजी," म्हातारा म्हणाला. "जुन्यांची घरटी इथंच मोडली, आणि गेल्या साली इथं जन्मलं कोण?"

एवढं बोलून तो रिकामी पखाल खांद्यावर टाकून वेशीबाहेर पडला. तो पुन्हा त्या नगरात आला नाही. सभागृहावरचा कळस मात्र अजून चमकतो म्हणतात.

म्हणून ध्यानात ठेवा: जे राखायला पखालभर पाणी पुरतं, ते एकदा गेलं की परत आणायला अख्खी नदीही पुरत नाही.