गुरगुंड्याची शिकार

पाव्हणे, आधी त्या अंजनीच्या झाडाकडं बघा. फांदीफांदीला घुंगरांचे चाळ लटकलेत. काही गंजून काळे पडलेत, काही गेल्याच शिमग्यानंतरचे आहेत. त्या झाडापलीकडं केगदवाडीची देवराई सुरू होते, आणि पायात चाळ बांधल्याशिवाय कुणा शिकाऱ्यानं तिच्यात पाऊल टाकायचं नाही, अशी इथली रीत आहे. हसू नका. तुम्ही आलात ती शिकारच आहे, गुरगुंड्याची. आणि तो फोन खिशात घाला. सांगतो ते ऐकून घ्या, मग निघू.

फार मागं या गावात येसू नावाची बाई होती, असं सांगतात. तिचा नवरा गोमाजी हाकेकऱ्यांचा म्होरक्या. हाका घालायचा म्हणजे ढोल बडवत, आरडत-ओरडत रानातली जनावरं शिकाऱ्याच्या पुढ्यात हाकलत न्यायची. येसूचं एकुलतं एक पोर तापानं फणफणलं. वैद्यानंही हात टेकले, तेव्हा ती अनवाणी राईत गेली आणि देवीपुढं पदर पसरून म्हणाली, "माझं लेकरू राख. मी जिवंत आहे तोवर तुझ्या राईत रक्त सांडू देणार नाही." दिवस मावळायच्या आत पोरानं डोळे उघडले, म्हणे, आणि खायला मागितलं.

पोर पुन्हा अंगणात बागडायला लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात इनामदारांचा सांगावा आला की औंदा राईत हाका घालायचा.

इनामदार माणूस वाईट नव्हता, पण शिकारीपायी वेडा. बाकीची रानं त्यानं पार मोकळी करून टाकली होती. उन्हाळ्यात झरे आटले की उरलीसुरली जनावरं राईतल्या कुंडावर पाण्याला येतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं. गावची शेतं त्याची, घराखालची जागासुद्धा त्याची. नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. देवीनं येसूला पोर परत दिलं होतं. नवस मोडला तर ती ते परत मागून घेईल, या एकाच भीतीनं तिचा जीव पोखरला होता.

इनामदार आला, देवळाच्या ओट्यावर बसला. येसूनं ताकाचा तांब्या पुढं ठेवला आणि हळूच म्हणाली, "सरकार, भेकरं आणि डुकरं काय, कुणीही मारतं. तुमच्यासारख्यानं गुरगुंडा मारावा."

गोमाजीला ठसका लागला. असलं जनावर त्यानं बापजन्मात ऐकलं नव्हतं.

"हा कुठला गुरगुंडा?" इनामदारानं विचारलं.

येसूला तरी कुठं माहीत होतं? पण तोंड उघडलं होतं, आता माघार नव्हती. म्हणाली, वासराएवढा असतो, पाठीला खवले, शेपटीला साळिंदराचे काटे आणि मिशा थेट गुडघ्यापर्यंत. बंदुकीच्या दारूचा वास आला की बिळात शिरतो तो वर्षभर बाहेर येत नाही, म्हणून भाला घ्यायचा. शिवाय भारी मानी. चोरपावलांनी येणाऱ्याचं तो तोंडही बघत नाही. पायात चाळ बांधून, हलगी वाजवत, त्याचं कौतुक करत जायचं. मनात आलं तर तो आपणहून समोर येतो.

"आणि मनात नाही आलं तर?"

"तर आपलं काहीतरी चुकलं म्हणायचं, सरकार."

दुसऱ्या दिवशी इनामदार छमछम करत राईत शिरला. पुढं हलगी, मागं गोमाजी आणि त्याचे हाकेकरी, "या गुरगुंडेराव, दर्शन द्या," म्हणून गळे काढत होते. त्या गलबल्यानं भेकरं, सांबरं, रानडुकरं, सगळी पलीकडच्या दरीत पसार झाली. संध्याकाळी गोमाजीनं एका झुडपाखालून साळिंदराचा काटा उचलून दाखवला. म्हणाला, "थोडक्यात हुकला. आत्ता इथंच बसला होता बघा." इनामदारानं काटा फेट्यात खोवला. मग फणसाची भाजी आणि तांदळाच्या भाकरीवर असा ताव मारला की काही विचारू नका. पुढच्या वर्षी पाव्हणेरावळे घेऊन येतो म्हणाला.

आणि खरंच आला. दर वर्षी यायला लागला. कुणा मेव्हण्याला शेपूट दिसलं, कुणा व्याह्याला हिरवा डोळा दिसला. एकदा तर गोमाजी स्वतःच पाचोळ्यात खसफस ऐकून झाडावर चढून बसला. येसू खाली उभी राहून म्हणाली, "अहो, तो मीच केलाय ना? उतरा खाली."

"तू केलास खरा," वरून आवाज आला, "पण आता तो मोठा झालाय."

गाव पोट धरून हसलं. येसूही हसली. पण शिकार राईत शिरली की ती इथं झाडाखाली येऊन बसायची आणि चाळांच्या आवाजाकडं कान लावायची. आवाज येतोय तोवर नवस शाबूत, एवढंच तिला कळायचं.

एका वर्षी तो आवाज थांबला. हाकेकरी एकेक करून बाहेर आले. इनामदार कुठं मागं राहिला, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या हातात भाला होता, आणि कुंड तिथून हाकेच्या अंतरावर. येसूनं पोराला पोटाशी ओढलं. पोर आता तिच्या खांद्याला लागलं होतं, तरी तिनं त्याला सोडलं नाही.

बऱ्याच वेळानं इनामदार आला. चाळ हातात होता, दोरी तुटलेली. येसूनं आधी भाल्याच्या पात्याकडं बघितलं. पातं कोरडं होतं.

"येसूबाई," तो म्हणाला, "दिसला तुझा गुरगुंडा."

"कुंडावर पाणी पीत होता. मी अगदी जवळ होतो, नेम चुकला नसता. पण पोटाशी पिल्लू होतं. भाला उचलवला नाही."

येसूला कळलं, ती सांबराची मादी असणार. आणि आपल्याला कळलंय हे त्याच्याही ध्यानात आलंय, हेही तिला कळलं. तिनं पदर सावरला आणि विचारलं, "पिल्लाला मिशा होत्या का, सरकार?"

इनामदार जराही हसला नाही. म्हणाला, "फुटत होत्या."

तेव्हा येसूला रडू फुटलं. इतक्या वर्षांचा घोर एकदम उतरला, आता राखायला आपण एकटी नाही, म्हणून ती रडली. इनामदारानं तो तुटका चाळ या अंजनीला बांधला. त्यानंतर त्यानं कधी शिकार केली नाही, पण गुरगुंड्यासाठी मात्र दर वर्षी यायचा. शेवटी शेवटी डोलीतून आणावा लागे, तरी चाळ बांधल्याशिवाय डोली हलू द्यायचा नाही, म्हणे.

आजही शिमग्यानंतर शिकार निघते, आणि आजवर राईत रक्त सांडलेलं नाही. बाहेर येणाऱ्यानं गुरगुंड्याच्या वर्णनात आपली भर घालायची असते. गेल्या वर्षी एका मास्तरांनी त्याला चष्मा लावला, तेव्हापासून त्याला चष्मा आहे.

चला, पाय पुढं करा, चाळ बांधतो. आणि एक लक्षात ठेवा. चाळ तुटला, वाट चुकली, कुंडावर कुणी पिल्लाला घेऊन पाणी पिताना दिसलं, तर जागच्या जागी उभे राहा. पोटभर बघून घ्या. पण बाहेर आल्यावर कुणी विचारलं, काय दिसलं, तर गुरगुंडाच सांगायचा.