रखमाजी उंदराचा गोठा

देवाशपथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे ज्या सरड्याने सांगितली तो रंग बदलतो, पण गोष्ट दरवेळी हीच सांगतो.

फार वर्षांपूर्वी एका शेताच्या बांधात रखमाजी उंदीर आणि त्याची बायको भागी राहायची. एकदा त्यांच्या घराच्या भिंतीला भोक पडलं.

"अहो, मूठभर चिखल लावा. साप शिरेल," भागी म्हणाली.

"चिखल टिकत नाही. शेणाने सारवायचं. शेणाला गाय लागते, गायीला गोठा. आधी गोठा बांधतो."

"आणि तोवर?"

"तोवर तू भोकाला पाठ लावून बस."

भागी बसली. रखमाजी एकट्याने कडबा ओढून गोठा उभारत राहिला. जेवायला आला की विचारायचा, "भोक वाढलं नाही ना?"

"नाही. पण पाठीला गार लागतं हो."

शेवटची पेंढी बांधून तो घरी आला, तेव्हा भोक मोकळं होतं. भागी नव्हती. मातीवर साप सरपटल्याची रेघ होती.

दुसऱ्या दिवशी, आमंत्रण होतं म्हणून गाय आली. तिने गोठा सगळीकडून पाहिला आणि सगळा खाल्ला. "छान होता," म्हणाली आणि जाताना शेणाचा पो टाकून गेली.

रखमाजीने भोक बुजवलं, सारवलं, वर बोटं ओढली. असं सारवण पंचक्रोशीत नव्हतं. मग तो भिंतीला पाठ लावून बसला.

"भागे, आता गार लागत नाही गं."

संपली. डोळे नंतर पूस, आधी गोष्टीच्या बदल्यात कबूल केलेल्या मूठभर शेंगा काढ. आणि मूठ तुझी नाही, माझी धरायची.