खंडेनवमीला बेअरिंगला हार

दृष्टांत सांगा, दृष्टांत सांगा, म्हणून पेपरवाल्यांनी जीव खाल्लाय. शाळेत मी फारसा टिकलो नाही, दोन ओळी लिहिल्या की बोटं आखडतात. पण ऐकतंय कोण? वर त्यांच्या अटी. सुरुवात ‘एकदा एक’ अशी करा, नाव कुणाचं घेऊ नका, बोध तेवढा येऊ द्या. बरं, घ्या.

एकदा एक शेठ होता. त्याच्यापाशी एक लहान हेलिकॉप्टर होतं. लग्नात नवरदेव आणायचा, मिरवणुकीवर फुलं उधळायची, हा त्याचा धंदा. इंजिनाची निगा राखायला एक कारागीर होता. संसारी माणूस, हातानं चलाख. त्याला हे काम ज्यानं शिकवलं तो म्हातारा वस्ताद थकून घरी बसला होता. म्हणून या कारागिराला आपण शिष्य म्हणू.

शेठ सकाळी शेडमध्ये डोकवायचा आणि विचारायचा, “काय म्हणतंय इंजिन?”

शिष्य म्हणायचा, “चालतंय.”

हा शब्द भारी सोयीचा. सगळं उत्तम असलं तरी चालतंय, आणि बरं नाही पण निभेल असं असलं तरी चालतंयच. शेठ पहिला अर्थ घेऊन निघून जायचा. शिष्याच्या पोटात दुसरा असायचा. तेल बदलताना गाळणीत धातूचा बारीक चुरा चमकलेला त्यानं पाहिला होता. इंजिन उघडायला हवं, हे त्याला पक्कं कळत होतं. पण ऐन लग्नसराई. उघडलं की हेलिकॉप्टर जमिनीवर बसणार आणि शेठ शेड डोक्यावर घेणार. त्यानं गाळणी पुसली आणि परत बसवली.

एका लग्नाला निघालेलं असताना इंजिन हवेतच आचके देऊन बंद पडलं. नवरदेवाला अजून घ्यायचं होतं, म्हणून तो वाचला. वैमानिकानं शर्थ करून हेलिकॉप्टर उसाच्या फडात उतरवलं. शेपूट मोडलं, वैमानिकाचा पाय मोडला, आणि टोपल्यांतल्या झेंडूच्या पाकळ्या सगळ्या त्याच्याच अंगावर सांडल्या. लोक उचलायला धावले तर तो कण्हत म्हणाला, “माझंच लग्न लावलंत की रे!”

चौकशीवाले आले. त्यांनी इंजिन उघडलं, तर एक बेअरिंग झिजून, काळं पडून फुटलेलं. इंजिनाची निगा नीट राखली नव्हती, असा त्यांनी निर्वाळा दिला. शेठ मात्र भेटेल त्याला सांगत सुटला, “दृष्ट लागली हो!” त्यानं दुसरं हेलिकॉप्टर आणलं, जुनंच, पण वरून नवा रंग मारलेलं. पुढं लिंबू-मिरची बांधली. कारागीर तोच ठेवला, कारण दुसरा मिळेना.

खंडेनवमी आली. या दिवशी आपल्याकडं हत्यारं, यंत्रं धुऊन-पुसून पूजतात. शेठनं वडीलधारा म्हणून वस्तादाला पूजेला बोलावलं. हेलिकॉप्टर लखलखत होतं, आंब्याचे डहाळे बांधलेले, पाटावर दोन हार तयार. दुसऱ्या दिवशी दसरा. सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीवर त्यातून फुलं उधळायची होती, आणि उडवणार होता तोच वैमानिक, आता काठी टेकत चालणारा.

वस्ताद आला. हेलिकॉप्टरकडं त्यानं पाहिलंही नाही. चौकशीनंतर भंगारात टाकलेलं ते फुटकं, काळं बेअरिंग पिशवीतून काढलं, पाटावर ठेवलं, हळदकुंकू लावलं आणि एक हार त्याला घातला.

शेठ म्हणाला, “अहो वस्ताद, दिसत नाही का? मशीन इकडं आहे! भंगाराला कसला हार घालता?”

शिष्यालाही उलगडेना. तो जवळ जाऊन हळूच म्हणाला, “वस्ताद, असं का?”

वस्ताद म्हणाला, “कारण इथं खरं बोललेलं हे एकटंच आहे. हे एका दिवसात फुटलं नाही. झिजत होतं तेव्हा तेलात चुरा सोडून सांगत होतं. शेठ तुला विचारायचे, ‘काय म्हणतंय इंजिन?’ तू सांगायचास, ‘चालतंय.’ अरे गड्या, त्यांनी इंजिनाचं म्हणणं विचारलं होतं, तू आपलं सांगत बसलास. हळदकुंकू कुणीही लावील. यंत्र जे बोलेल ते जसंच्या तसं मालकाच्या कानी घालायचं, ती तुझी पूजा. ती होणार असेल तर दुसरा हार त्या हेलिकॉप्टरला घालतो. नुसत्या रंगाला कशाला घालू?”

शेठ भडकला. “अपशकुन्या म्हातारा! भर पूजेत भंगार मांडतोय!” सगळ्यांसमोर म्हणाला हे. मग शिष्याकडं वळला. “तू बोल रे. उद्या उडायचंय. काय म्हणतंय इंजिन?”

वैमानिक काठीवर रेलून म्हणाला, “सांग बाबा. उरलेला पाय माझा आहे.”

‘चा’ हे अक्षर शिष्याच्या ओठांवर आलं होतं. आदल्याच दिवशी या इंजिनाचीही गाळणी त्यानं पुसली होती, आणि ज्या बोळ्यानं पुसली तो अजून खिशात होता. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, हेही त्याच खिशाला जड झालं होतं. त्यानं बोळा काढला, पाटावर बेअरिंगच्या शेजारी ठेवला आणि उलगडला. उन्हात चुरा चमकला.

“शेठ,” तो म्हणाला, “ते म्हणतंय, मला उघडा.”

वैमानिक काठी बाजूला ठेवून खाली बसला. वस्ताद उठला आणि दुसरा हार त्यानं हेलिकॉप्टरला घातला.

दसऱ्याला फुलं पाण्याच्या टाकीवरून उधळली. कुणाची तक्रार आली नाही. नंतर इंजिन उघडलं, तर आतलं बेअरिंग पहिल्याच्याच वाटेला लागलं होतं. शिष्याची नोकरी राहिली. आता तो ‘चालतंय’ म्हणत नाही, काय दिसलं ते सांगतो.

बोध पाहिजे म्हणता, तर एवढाच: कुणाचं म्हणणं विचारलंय ते आधी ऐका, मग तोंड उघडा.

शिष्यानं वस्तादाचे पाय धरले. वैमानिक पेढे देऊन गेला. भर पूजेत अपशकुन्या म्हणणारा तेवढा अजून फिरकलेला नाही. नाव घेऊ नका म्हणाले होते, पण माझं वय झालं, मला अटी लक्षात राहत नाहीत. अहो मुरलीधरशेठ वाघचौरे, मी घरीच असतो, या कधीही.