भाटआळीतला दाराचा क्रूस

माफी कसली मागताय? या, बसा ओट्यावर. जपमाळ अर्ध्यावर थांबली तर थांबू दे, आमच्या भाटआळीत ती अशीच थांबते. समोर वळणावर तो लाकडी क्रूस दिसतो ना, त्याच्यावर जाताना हात फिरवून बघा. कोयत्याचे घाव लागतील. तो क्रूस म्हणजे या घराचं जुनं दार आहे.

फार मागची गोष्ट, खाडीतून लुटारूंची गलबतं यायची तेव्हाची. इथं बस्त्याव तुस्कानो नावाचा केळीचा बागायतदार राहायचा. भक्त मोठा, पण महाहेकट! तिन्हीसांजेला सगळ्यांनी गुडघे टेकले की दाराला अडसर, आणि शेवटचं आमेन होईपर्यंत कुणी उठायचं नाही. मूल रडलं तरी नाही. त्याची लेक नातालीन खाली खाडीकाठी दिली होती.

एका संध्याकाळी लुटारू तिथं उतरले. नातालीनच्या नवऱ्याला त्यांनी अंगणातच तोडला, घरं पेटवली. ती जीव घेऊन माहेरी धावली आणि तिघे तिच्या मागे.

"बाबा, दार उघडा! मारतील मला!"

आत माळ चालू होती. तिची आई मार्था उठायला गेली, तर बस्त्यावनं तिला हाताला धरून खाली बसवलं. थोडीच राहिलीय, म्हणाला, देव बघेल. देव बघेल! अहो, मग देवानं हात कशाला दिलेत? बाहेर किंकाळ्या वाढल्या तसा यानं आवाज चढवला. तोंडात मरियेला 'आमच्यासाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' हे शब्द, आणि बाहेर कोयत्यांचे घाव, असं सांगतात. काही दारावर बसले, बाकीचे लेकीवर.

आमेन झालं, अडसर निघाला. नातालीन उंबऱ्यावर पडली होती. मान अर्धी तुटलेली, बोटं अजून कडीत अडकलेली. बस्त्याव कोयता घेऊन सुटला. तिघांना त्यानं केळीच्या बागेत गाठलं आणि घड उतरवावेत तशी मुंडकी उतरवली, म्हणे. रक्तानं भिजून परत आला, तेव्हा मार्था लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "झाली तुमची माळ पुरी?"

त्यानं दार उखडलं आणि त्याच फळ्यांचा क्रूस केला. पुढं मरेपर्यंत तो प्रार्थनेला आत बसला नाही. उंबऱ्यावर बसायचा, मरियेच्या तसबिरीकडे पाठ करून, कान रस्त्याला लावून.

आजही भाटआळीत माळ उघड्या दारानं होते आणि घरातलं कुणीतरी एक असंच पाठ फिरवून उंबऱ्यावर बसतं. हाक आली की सगळे उठतात. एका फादरांनी पूर्वी कुरकुर केली होती, पण क्रूसावर हात फिरवल्यावर तेही उंबऱ्यावर येऊन बसले.

आज पाळी माझी होती. तुम्ही नुसती वाट विचारायला हाक मारलीत, कळलं मला. तरी विचारतो, राग मानू नका. कुणी मागे लागलेलं नाही ना तुमच्या?