काचेच्या हौदातला समुद्र

ज्या काळी मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर यायचं आणि वाटेतच चार दिवस मोडायचे, त्या काळातली ही गोष्ट.

घाटमाथ्यावरच्या एका गावात अंतोबा नावाचा काचारी राहत होता. बांगड्या, दिवे, अत्तराच्या कुप्या, त्याच्या भट्टीतून काय निघत नसे ते विचारा. माणूस मनाचा मोठा, पण भारी उतावळा. बी पेरलं की दुसऱ्या दिवशी उकरून बघणारा.

त्याची बायको चांगुणा खाली समुद्रकाठच्या कोळीवाड्यातली. तिचे वडील जोमा नाखवा यांनी सारी हयात होडीवर काढली होती. गुडघे गेले, होडी सुटली, म्हातारा घरात एकटा पडला. तेव्हा अंतोबा स्वतः गाडी घेऊन गेला आणि त्यांना वर घेऊन आला. सकाळी पोचला, दुपारी निघाला. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निरोप घ्यायलाही त्यांना नीट वेळ मिळाला नाही.

वर आल्यापासून नाखवा गप्प झाले. चांगुणा ताटात वाढत राही, "खा ना बा" म्हणत राही. ते दोन घास खात आणि "बरं आहे" म्हणत. पुढे पुढे तर कुणी काही न विचारताही ते "बरं आहे" म्हणू लागले.

अंतोबाला वाटलं, मामांना समुद्राची आठवण येते. मग समुद्रच वर आणला तर?

सासऱ्याला काही सांगायचं नाही, एकदम दाखवायचं, असं त्यानं ठरवलं. भट्टीशेजारच्या खोलीत त्यानं काचेचा हौद केला, दीड हात लांब आणि हातभर उंच. मग मीठवाल्यांबरोबर घाट उतरला आणि धक्क्यावरूनच दोन रांजण समुद्राचं पाणी आणि बोटाएवढे बारा मासे घेऊन आला. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले देखणे मासे. वाटेत चार दिवस तो रांजणातलं पाणी हातानं ढवळत होता, म्हणून ते जगले.

घरी येताच त्यानं हौदात पाणी ओतलं, मासे ओतले, वर दोन मुठी भात टाकला आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. तिसऱ्या दिवशी बाराही मासे उलटे होऊन वर तरंगत होते. अंतोबा हौदापुढे मटकन बसला. आपल्याच हातानं आपण बारा जीव घालवले, हे त्याला कळत होतं. कसे घालवले, ते मात्र कळत नव्हतं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. कुजक्या मासळीचा वास आतपर्यंत गेला होता, आणि तो वास नाखवांच्या ओळखीचा होता. घरात आल्यापासून पहिल्यांदाच ते आपल्या कोपऱ्यातून उठून इथवर आले होते.

त्यांनी हौदाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं.

"पाणी कुठलं?"

"धक्क्याजवळचं, मामा."

"तिथं अख्खा वाडा मासळी धुतो. बरं, मासे किती?"

"बारा."

"खायला काय घातलंत?"

"भात. दोन मुठी."

नाखवांनी दुधाळ पाण्यात बोट बुडवून वास घेतला. मग म्हणाले, "जावईबापू, मला का नाही विचारलं?"

"तुम्हाला चकित करायचं होतं."

"झालो," नाखवा म्हणाले, आणि काठीवर रेलून हसू लागले. दाराशी उभी असलेली चांगुणा पदरानं डोळे पुसायला लागली. वडलांचं हसू तिनं कितीतरी महिन्यांनी ऐकलं होतं.

नाखवा म्हणाले, "आता हौद धुऊन काढा. दुसऱ्यांदा मी सांगेन तसं करायचं. आणि खाली मीही येणार."

चांगुणाला भीती वाटली. एकदा समुद्र दिसल्यावर बा परत येईल का? तरी गाडीत तिनं गोधडी अंथरून दिली.

कोळीवाड्यात नाखवांनी चांगले आठ दिवस काढले. जुन्या सोबत्यांना भेटले, ज्यांचा निरोप राहिला होता त्यांच्या अंगणात बसले. दूरच्या खडकांजवळचं निवळशंख पाणी त्यांनी भरून घेतलं. मासा एकही घेतला नाही. घेतले ते शेवाळ धरलेले, भोकाभोकांचे चार दगड, आणि तेही पाण्यात बुडवूनच.

निघायच्या दिवशी अंतोबा मनावर दगड ठेवून म्हणाला, "मामा, तुम्हाला इथंच राहायचं असेल तर मी चांगुणाला समजावीन."

नाखवा म्हणाले, "हे आधी विचारलं असतं तर राहिलो असतो. आता दगड कोण सांभाळणार? चला."

वर आल्यावर हौदात पाणी आणि दगड गेले. हौदावर नाखवांनी एक मडकं टांगलं, महादेवाच्या पिंडीवर असतं तसं, बारीक भोकाचं. हौदातलंच पाणी त्यात भरायचं आणि ते थेंब थेंब खाली पडू द्यायचं, म्हणजे पाण्यात हवा खेळती राहते.

"आता मासे?" अंतोबानं विचारलं.

"आता एक महिना काही नाही. पाणी मुरू दे."

गावात हसू पिकलं. "अंतोबानं दगड पाळलेत," बायका पाणवठ्यावर म्हणायच्या. "त्यांना भाकरी लागते की भात?" अंतोबा कानकोंडा व्हायचा आणि रोज सकाळी विचारायचा, "मामा, आज?" नाखवा मान हलवायचे.

हौदातलं पाणी उन्हानं दोन बोटं खाली गेलं, तेव्हा अंतोबा उरलेलं समुद्राचं पाणी ओतायला धावला. नाखवांनी हात धरला. त्यांनी बांबूची एक कांडी तासली होती, बुडाशी शिसं लावलेली. पहिल्या दिवशी ती जिथवर बुडाली तिथं त्यांनी खाच केली होती. पाणी जास्त खारट झालं की कांडी वर उचलली जाते; आता खाच पाण्याच्या वर आली होती.

"उडून गेलं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहिलं. आता वरून विहिरीचं गोडं पाणी घाला, खाच पाण्याला टेकेपर्यंत."

अंतोबानं तसं केलं. कांडी हळूहळू खाली बसली.

दगडांवर आधी तपकिरी साय धरली, मग ती हिरवी झाली. आणि एके सकाळी एका भोकातून गव्हाच्या दाण्याएवढी गोगलगाय बाहेर आली. ती कुणी आणून टाकली नव्हती. हसायला आलेल्या बायका तिला बघत तासभर थांबल्या.

महिना भरला. नाखवांनी सांगितल्याप्रमाणे मीठवाल्यांनी एकच मासा मडक्यातून आणला. अंतोबा तो ओतायला निघाला, तसं नाखवांनी ते मडकं हौदाशेजारी ठेवायला लावलं आणि हौदातलं पळीभर पाणी त्यात घातलं. थोडं थांबून आणखी एक पळी. असा अर्धा दिवस गेला.

"अहो, टाका की आता मामा," अंतोबा म्हणाला.

"हे पाणी त्याच्या ओळखीचं नाही. एकदम टाकला तर घाबरून मरेल. पळीपळीनं ओळख होऊ दे."

चांगुणा शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "बा, तुला तर आम्ही एका दुपारीत उचलून आणलं."

नाखवांनी आणखी एक पळी घातली.

"आणलंत. वर सारखं खा, खा केलंत," ते म्हणाले. "पाणी गढूळ झालं होतं खरं, पोरी. आता निवळलं."

अंतोबानं मान खाली घातली. मग त्यानं त्यांच्या हातातली पळी घेतली आणि पुढचं पाणी स्वतः घातलं, इतकं हळू की नाखवाच म्हणाले, "एवढं हळूही नको, संध्याकाळ होईल."

मासा हौदात गेला, दगडाच्या आडोशाला लपला, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन फिरू लागला. दोन महिन्यांनी त्याला सोबती आला, आणखी काही दिवसांनी तिसरा. तिघंही जगले. नाखवा रोज चिमूटभर खाणं घालत, गावातल्या पोराबाळांना वादळांच्या गोष्टी सांगत, आणि जेवताना दुसऱ्यांदा भात मागून घेत.

पुढे दूरदूरचे लोक असे हौद मागायला येऊ लागले. अंतोबा प्रत्येकाला सांगे, "हौद आज न्या. पण पहिला महिना नुसते दगड बघत बसावं लागेल." निम्मे लोक ते ऐकूनच परत जात. जे थांबत, त्यांचे मासे जगत.

म्हणून जाणती माणसं सांगतात: माया कितीही असो, नवं पाणी जीवाला हळूहळूच मानवतं, तिथं घाई करू नये.